सरांची फाईल आणि माझी

आमच्या पेशात बढतीला बढती म्हणत नाहीत, प्लेसमेंट म्हणतात. विद्यार्थ्यांना वाटतं प्लेसमेंट म्हणजे नोकरी लागणं. आम्हाला नोकरी लागून वीस-पंचवीस वर्षं झालेली असतात आणि तरीही आमची प्लेसमेंट व्हायची राहिलेली असते. सहायक प्राध्यापकाने सहयोगी व्हायचं, सहयोगीने नुसतं प्राध्यापक. शिकवायचं तेच, वर्ग तेच, गळणारा पंखाही तोच. फक्त मध्ये एक फाईल लागते. नोकरीचं एकेक वर्ष सुटं करायचं, त्या वर्षात काय काय केलं ते लिहायचं, लिहिलेल्या प्रत्येक ओळीला पुरावा जोडायचा, आणि मग सगळ्याला भोकं पाडून नाडीत ओवायचं. अशा इतक्या फायली मी आजवर लावल्यात आणि लावून दिल्यात, की आता कुणी फाईल म्हटलं तरी मान आखडते.

त्यातली एक मात्र डोक्यातून जात नाही. वाटलं, लिहून काढावी, म्हणजे कदाचित जाईल. जाईलच असं नाही.

वसईकडच्या आमच्या कॉलेजात भूगोल विभागात आम्ही दोघंच, मी आणि सर. सर माझ्याहून आठ वर्षांनी मोठे आणि नोकरीत नऊ वर्षांनी जुने. पण विभागप्रमुख मी, कारण मी आले तीच पीएच.डी. घेऊन, आणि सरांची पीएच.डी. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी झाली. खाडीकाठच्या भातशेती करणाऱ्या घरातला माणूस. खाजणात, म्हणजे खाडीलगतच्या सखल शेतात, खारं पाणी घुसू नये म्हणून जे बांध घालतात, त्यांच्यावरच त्यांनी प्रबंध लिहिला. घरचं बोलणं त्यांनी कधी सोडलं नाही. मी नवीन असताना त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, ‘‘मॅडम, पानी पिनार?’’ आणि मी, साताऱ्याकडून आलेली, विरारच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी शहाणी, मनातल्या मनात हसले होते. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

सरांची पीएच.डी. का रखडली हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. बावीस वर्षं परीक्षा विभाग त्यांच्या गळ्यात होता. बैठक व्यवस्था, सीलबंद पाकिटं, पुरवण्यांचा हिशेब, कॉपी पकडली की त्या पोराचा जबाब, आचोळ्याहून धापा टाकत उशिरा आलेल्या पोरीला आत घ्यायचं की नाही, सगळं सर. हे काम त्यांना कुणी दिलं? कुणीच नाही. आमच्याकडे कामं तोंडी वाटतात. प्राचार्य स्टाफरूमच्या दारात उभे राहतात, आत येतही नाहीत, आणि म्हणतात, ‘‘सर, परीक्षेचं तुम्ही बघताय ना?’’ सर म्हणतात, ‘‘बघतो की.’’ झाली नेमणूक. कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असा आमच्या कॉलेजचा रिवाज. तो इतका मुरलेला, की नवीन आलेला मास्तरही महिन्याभरात शिकतो.

आणि मग प्लेसमेंटच्या वेळी तेच कॉलेज विचारतं, कागद कुठाय?

नियम असा, की प्रत्येक वर्षी शिकवण्याखेरीज ठरावीक कामं केल्याचं दिसायला हवं. दिसायला म्हणजे कागदावर. एखादं वर्ष कोरं निघालं की ते वर्ष धरत नाहीत, आणि वर्षं कमी पडली की फाईल पडते. सरांची पहिली फाईल परत आली कारण अनुक्रमणिकेत पानांचे आकडे चुकले होते. दुसरी परत आली कारण मधल्या काळात अर्जाचा नमुनाच बदलला. दोन्ही वेळा सर फाईल काखेत मारून परीक्षा विभागात गेले आणि दार लोटून घेतलं. मी मात्र ऑफिसात जाऊन भांडले, आणि भांडून उपयोग झाला नाही म्हणून घरी येऊन नवऱ्याशीही भांडले.

तिसऱ्या वेळेला घाई होती. सरांच्या शाळेतल्या मास्तरांनी पटावर सरसकट सगळ्यांची लावली तीच जन्मतारीख यांचीही, एक जून. म्हणजे एकतीस मेला निवृत्ती. आणि नियमाचं शेवटचं कलम असं, की ज्या दिवशी निवड समिती बसेल त्या दिवशी उमेदवार नोकरीत हवा. निवृत्त झाला की संपलं, मग पात्रता कितीही जुनी असो. पेन्शन कायमची त्याच खालच्या पदावर बसते. पण पेन्शनचं सर एकदाच बोलले. दुसरंच काहीतरी त्यांना लागलं होतं.

‘‘आलो त्याच पदावर जायचं म्हंजे बरं नाय दिसत, मॅडम,’’ एकदा पेपर तपासता तपासता म्हणाले. ‘‘लोकांना वाटनार, तीस वर्षं हा करत काय होता?’’

मी म्हटलं, ‘‘सर, होणार. मी करून घेते.’’

किती सहज बोलून गेले मी.

समिती बसवायची म्हणजे विद्यापीठाकडून विषयतज्ज्ञांची नावं यायला हवीत, कुलगुरूंचा प्रतिनिधी हवा, सहसंचालक कार्यालयाचा माणूस हवा, आणि ही सगळी मंडळी एकाच दिवशी एकाच टेबलाभोवती हवीत. तेही मे महिन्यात! एक तज्ज्ञ आंब्याला कोकणात गेलेले, फोनवर नुसता वाऱ्याचा आवाज. दुसऱ्यांच्या घरी लग्न. कुलगुरूंचे प्रतिनिधी म्हणाले, जूनमध्ये करू या ना, मोकळे असतो. मी त्यांना एक जून या तारखेचं महत्त्व तीनदा समजावलं. शेवटी मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यातला शनिवार ठरला. आणि प्राचार्य म्हणाले, ‘‘मॅडम, एवढे पाहुणे येतायत तर तुमचीही फाईल घेऊन टाकू. सकाळी सरांचं, दुपारी तुमचं.’’ माझी प्राध्यापकपदाची फाईल वर्षभर पडून होती. मी नको म्हणायचं काही कारण नव्हतं.

समितीच्या आदल्या आठवड्यात मी सरांची फाईल शेवटची चाळली, तर तीन वर्षं कोरी. परीक्षा विभागाचे जे काही थोडे आदेश कधीकाळी निघाले होते, ते तळमजल्यावरच्या कपाटात होते, आणि पाणी भरलं त्या पावसाळ्यात त्या कपाटाचा लगदा झाला होता. तो लगदा सरांनीच फावड्याने काढला होता. मी कपाळाला हात लावला.

मग मी तेच केलं जे आमच्याकडे सगळे करतात. कॉम्प्युटरवर बसून तीन प्रमाणपत्रं टाइप केली. ‘प्रमाणित करण्यात येते की’ पासून ‘त्यांचे काम समाधानकारक होते’ पर्यंत. तारखा त्या त्या वर्षांच्या टाकल्या. ऑफिसातून कॉलेजच्या लेटरहेडचे कागद घेतले, छापले, आणि सर ते गठ्ठा करून प्राचार्यांकडे सहीला घेऊन गेले. प्राचार्य दहा वर्षं तेच असल्यामुळे सहीचीही अडचण नव्हती. त्यांनी न वाचता सह्या केल्या. काम खरं, सही खरी, शिक्का खरा. तारीख तेवढी मागची. याला खोटेपणा म्हणतात असं आमच्यातल्या कुणाच्या मनातही येत नाही. याला फाईल पूर्ण करणं म्हणतात.

शनिवारी सगळे वेळेवर आले याचंच मला निम्मं समाधान वाटलं. सुट्टीतलं कॉलेज, रिकामे व्हरांडे, बंद वर्ग. प्राचार्यांच्या केबिनमध्ये एसी लावलेला. टेबलावर काजू-बदाम, नारळपाणी, आणि गिरीजच्या वाडीतून कुणीतरी धाडलेला केळ्यांचा फणा. दुपारच्या जेवणात पापलेट की सुरमई यावर शिपाई आणि हेडक्लार्क यांच्यात आठवडाभर खल झाला होता. विभागप्रमुख म्हणून मीही समितीत होते, सरांच्या समोरच्या बाजूला. सर पांढरा शर्ट घालून आले होते. त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

तज्ज्ञांपैकी एक बाई होत्या, लांबच्या गावाहून आदल्या दिवशीच येऊन राहिलेल्या. बाकीचे सरांना प्रबंधाबद्दल दोन प्रश्न विचारून खुर्चीत मागे टेकले. या बाई मात्र हातात पेन्सिल घेऊन फाईल पानापानाने वाचत होत्या. वीस वर्षांच्या नोकरीत मी निवड समितीत कुणाला फाईल वाचताना पाहिलेलं नव्हतं. मला आधी कौतुक वाटलं, मग जरा कंटाळा आला, मग भूक लागली.

त्या एका पानावर थांबल्या. चष्मा काढला, परत लावला.

‘‘सर, हे प्रमाणपत्र सात वर्षांपूर्वीचं आहे ना?’’

‘‘हो मॅडम.’’

‘‘आणि कॉलेजला मूल्यांकनात ‘अ’ श्रेणी कधी मिळाली?’’

प्राचार्यच अभिमानाने म्हणाले, ‘‘दोन वर्षं झाली, मॅडम.’’

बाईंनी पान फिरवून टेबलाच्या मधोमध ठेवलं. लेटरहेडच्या डोक्यावर, कॉलेजच्या नावाखाली, सोनेरी अक्षरात छापलं होतं: ‘अ श्रेणी प्राप्त’. सात वर्षांपूर्वीच्या तारखेच्या कागदावर दोन वर्षांपूर्वी मिळालेली श्रेणी. श्रेणी मिळाली तेव्हा आम्हीच हौसेने नवीन लेटरहेड छापून घेतलं होतं. मी रोज तो कागद बघत होते, इतका रोज, की त्यावर काय छापलंय ते मला दिसेनासं झालं होतं.

‘‘यावर जावक क्रमांकही नाही,’’ बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. ‘‘ऑफिसमधून कुणाला तरी जावक रजिस्टर घेऊन बोलवा. हे कधी निघालं आणि कुणी केलं, ते बघू या.’’

मी बोलायला हवं होतं. ‘मॅडम, ते मी टाइप केलं, काम खरं आहे, या माणसाने बावीस वर्षं परीक्षा घेतल्या आहेत, या कॉलेजच्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा,’ एवढं म्हणायला हवं होतं. वाक्य सगळं तयार होतं. तोंडातून निघालं नाही. प्राचार्य काजूच्या बशीकडे बघत होते. शिपाई दारातून बाहेर पडणार, तेवढ्यात सर म्हणाले,

‘‘राहू द्या. कोनाला बोलवू नका. तो कागद मीच बनवलाय.’’

‘‘तुम्ही?’’

‘‘मीच. सायबांकडे सहीला पन मीच नेला. त्यांनी विश्वासानं केली.’’

कुलगुरूंचे प्रतिनिधी भले गृहस्थ. ते म्हणाले, आठवड्यावर निवृत्ती आली आहे, प्रकरण वाढवायला नको. बाईही म्हणाल्या, मला कुणाला शिक्षा करायची नाही, पण ही तीन वर्षं मी धरू शकत नाही. त्यांचं बरोबर होतं. हेच मला आजही खुपतं, की त्यांचं बरोबर होतं. इतिवृत्तात लिहिलं गेलं, ‘पुरावे अपुरे असल्याने त्रुटी दूर करून प्रस्ताव पुन्हा सादर करावा.’ नाकारलं नाही हं, असं सहसंचालक कार्यालयाच्या माणसाने सरांना मुद्दाम सांगितलं, फक्त परत पाठवलंय. सर उभे राहिले, सगळ्यांना नमस्कार केला आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेले.

मग जेवण झालं. सुरमईच होती, आणि सगळ्यांनी तिची तारीफ केली.

दुपारी माझी फाईल आली. बाईंना संध्याकाळची गाडी गाठायची होती, त्या घड्याळाकडे बघत होत्या. आंबेवाले तज्ज्ञ जेवून सुस्तावलेले. मला एक प्रश्न विचारला, हवामानबदलाचा, ज्याचं उत्तर आमचा दुसऱ्या वर्षाचा पोरगाही देईल. फाईल उघडली गेली ती फक्त सहीच्या पानावर. पंधरा मिनिटांत मी प्राध्यापक झाले. प्राचार्यांनी हात पुढे केला, ‘‘अभिनंदन, मॅडम. चला, एकाचं तरी झालं.’’

एकतीस मेला सरांना निरोप दिला. सुट्टी असल्यामुळे दहा-बारा माणसं. शाल, श्रीफळ, फुलांचा गुच्छ. प्राचार्य म्हणाले, सर म्हणजे आमच्या परीक्षा विभागाचा कणा. मला ते वाक्य असह्य झालं. भर सभेत विचारावंसं वाटलं, मग हे एका कागदावर लिहून द्यायला तुमचं काय जात होतं? विचारलं नाही. त्या आठवड्यात मी गप्प बसण्यात चांगलीच तयार झाले होते. सरांनी दोन मिनिटं भाषण केलं, सगळ्यांचे आभार मानले, आणि परीक्षा विभागाच्या किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. कुठली किल्ली कुठल्या कपाटाची, ते कागदाच्या चिठ्ठ्या बांधून लिहिलं होतं.

जूनभर मी त्यांच्याकडे जाईन जाईन म्हणत राहिले. माझा आदेश निघाला. दारावरची पाटी बदलली. शेजारच्या टेबलावर तासिका तत्त्वावरचा एक नवीन मुलगा बसायला लागला, आणि त्याला प्राचार्यांनी दारातूनच विचारलं, ‘‘परीक्षेचं तुम्ही बघाल ना?’’ मी मान वर केली, त्याला म्हणणार होते, लेखी घे. तो म्हणाला, ‘‘हो सर, डन.’’ मी परत मान खाली घातली. मला कंटाळा आला होता. नुसता कामाचा नाही, माझाही.

जुलैतल्या एका रविवारी गेलेच. सरांचं घर गावात, अंगणात कौलारू पडवी, पुढे भाताची खाचरं. भाऊ, भावजया, पुतणे, सगळं एकत्र. सर लुंगीवर बसले होते आणि पायाला चिखल होता. मला बघून गडबडीने उठले. वहिनींनी चहा आणला. मी चहा तसाच खाली ठेवला.

‘‘सर, तो कागद मी केला होता,’’ मी म्हटलं. ‘‘मी तिथे बोलायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही. दुपारी माझी फाईल होती.’’

‘‘म्हाईत हाय ना,’’ सर म्हणाले.

‘‘मग तुम्ही का ओढवून घेतलंत?’’

सर पायाचा चिखल खरवडायला लागले. ‘‘मॅडम, सहीला दोन्ही गठ्ठे मीच नेलेले. माझे तीन कागद, तुमचे चार. सगळे एकाच लेटरहेडवर. त्या बाईंनी रजिस्टर मागवलं, तेव्हा मला एकदम आठवलं. क्लार्क आला असता तर बोलला असता, मॅडमनी कागद नेले. मग तुमची पन फाईल उघडली असती. माझं तर गेलंच होतं. म्हटलं, विभागात एकाचं तरी होऊ दे.’’

हो, माझेही चार होते. इथवर लिहिताना मी ते सांगितलं नाही, आणि त्या दिवशी खोलीतही सांगितलं नाही. सरांचे तीन टाइप करताना मी लगे हात माझ्या रिकाम्या वर्षांचे चार काढून घेतले होते. बाईंनी ते पान टेबलाच्या मधोमध ठेवलं, तेव्हा मला सरांचं काय होईल याआधी माझे चार कागद आठवले होते. हिंमत झाली नाही वगैरे सगळं नंतरचं. मी हिशेब केला होता, आणि सरांनीही केला. फक्त तो करताना मला मी आठवले, आणि त्यांनाही मीच आठवले.

‘‘सर, मी लिहून देते,’’ मी म्हटलं. ‘‘विद्यापीठाला कळवते, खरं काय ते.’’

‘‘आनि काय होनार?’’ सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. ‘‘माझं काय आता होत नाय. तुमचं मात्र जाईल. मग माझं बोलनं फुकट गेलं ना? चहा घ्या, थंड झाला.’’

मी चहा घेतला. आणि खरं सांगायचं तर, ते नको म्हणाले याने मला सुटल्यासारखं वाटलं. मी ते पत्र कधीच लिहिलं नसतं, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

निघताना सरांनी विचारलं, ‘‘पेढे कधी देताय? प्रोफेसर झालात, तोंड गोड नाय केलंत आमचं.’’

पुढच्या रविवारी मी विरारहून एक किलो पेढे घेऊन गेले. सरांनी सगळ्या घराला हाका मारून पडवीत गोळा केलं, शेजारच्या घरातलेही चार जण आले. ‘‘या आमच्या मॅडम,’’ सर म्हणाले, ‘‘आमच्या विभागाच्या पहिल्या प्रोफेसर.’’ एका म्हातारीने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडली. मग सरांनी स्वतः पेढ्याचा पुडा फिरवला, शेवटी माझ्यासमोर धरला, आणि सगळे बघत होते म्हणून मीही एक उचलून खाल्ला.